सर गायब, कोर्स चालू: एका ऑनलाइन टर्मचं प्रकरण

ऑक्टोबरमधल्या एका सोमवारी सकाळी बरोबर सहा वाजता माझ्या मावसबहिणीच्या कॅनव्हासवर, म्हणजे कॉलेजचे ऑनलाइन वर्ग जिथे चालतात त्या वेबसाइटवर, तिच्या इंग्लिश कॉम्पोझिशनच्या म्हणजे निबंधलेखनाच्या सरांची अनाउन्समेंट येऊन पडली. हा आठवडा मुद्दाम हलका ठेवलाय, स्प्रिंग ब्रेक मजेत घालवा, असं काहीतरी. ऑक्टोबरात स्प्रिंग ब्रेक, म्हणजे वसंतातली सुट्टी! तिने स्क्रीनशॉट काढून मला पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "ताई, तिकडे कुणी आहे का गं?"

हे प्रकरण मी तिला विचारून लिहितेय. कॉलेजचं नाव, राज्य, तिचं नाव काहीही देणार नाही कारण त्याची गरजच नाही, हे अमेरिकेतल्या कुठल्याही कम्युनिटी कॉलेजात होऊ शकतं आणि होतं. मी स्वतः इथेच दुसऱ्या एका कॉलेजात ऑनलाइन शिकवते, त्यामुळे या गोष्टीची दुसरी बाजू मला रोज दिसते आणि म्हणूनच हे लिहावंसं वाटलं. इन्स्ट्रक्टरने विद्यार्थ्याशी किती आणि कसा संपर्क ठेवायचा याचं आम्हा शिकवणाऱ्यांना वारंवार ट्रेनिंग होतं, चेकलिस्ट असतात, कोर्स सुरू होण्याआधी कोणी ना कोणी ते तपासतं. पण ज्या विद्यार्थ्यासाठी तो नियम आहे त्याला असा काही नियम आहे हे कोणी सांगतच नाही. तिला माहीत नव्हतं, तिच्या वर्गातल्या कुणालाच माहीत नव्हतं.

आधी परिस्थिती सांगते. बहीण ग्रीन कार्डवर आहे, दिवसा नोकरी करते, घरी लहान मूल आहे, रात्री नऊनंतर अभ्यास. टर्मला दोनच कोर्स घेते. पेल ग्रँट मिळते, म्हणजे फेडरल सरकारची मदत, परत न करायची. हा कोर्स तीन क्रेडिटचा, सोळा आठवड्यांचा, पूर्ण असिंक्रोनस म्हणजे ठरलेल्या वेळेला लाइव्ह वर्ग नाही, आपापल्या वेळी वाचायचं, लिहायचं, सबमिट करायचं. आता तीन क्रेडिट म्हणजे हिशोबाने आठवड्याला साधारण तीन तास शिकवणं आणि सहा तास आपला अभ्यास. ती खरंच नऊ तास देत होती, मी बघितलंय, किचन टेबलवर लॅपटॉप आणि शेजारी मुलाची रंगाची वही. सिलॅबसमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं की मेलला कामाच्या दिवसांत ४८ तासांत उत्तर मिळेल, निबंध दहा दिवसांत तपासून मिळतील, दर गुरुवारी संध्याकाळी झूमवर ऑफिस अवर्स.

पहिला आठवडा छान गेला. सगळ्यांनी स्वतःची ओळख करून दिली, सरांनी प्रत्येकाला दोन-दोन ओळींचं उत्तर दिलं, हिला लिहिलं की तुमचं वाक्य मला आवडलं, असंच लिहीत राहा. ती त्याच्यावर आठवडाभर खूश होती. ते सरांचं शेवटचं खरं वाक्य.

मग चौथ्या आठवड्याच्या रविवारी पहिला निबंध दिला. पाचव्या आठवड्यात तिने मेल केला, माझं थीसिस वाक्य, म्हणजे निबंधाचा मुख्य मुद्दा सांगणारं वाक्य, बरोबर आहे का कारण दुसरा निबंध त्याच्याच पुढचा आहे. उत्तर नाही. सहाव्या आठवड्यात परत मेल. उत्तर नाही. त्याआधी पाचव्या आठवड्याच्या गुरुवारी झूमवर गेली तर स्क्रीनवर ‘थांबा, होस्ट तुम्हाला लवकरच आत घेतील’ एवढीच ओळ, ती चाळीस मिनिटं ती ओळ बघत बसली होती, मधे उठून भाजी हलवून आली पण कानात इअरफोन तसेच, न जाणो सर आले तर. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. आणि या सगळ्या काळात दर सोमवारी सकाळी सहाला आधीच वेळ लावून ठेवलेली अनाउन्समेंट मात्र न चुकता येत होती, दर रविवारी क्विझ बंद होत होती आणि मार्क लगेच दिसत होते. बाहेरून बघणाऱ्याला कोर्स एकदम ठणठणीत.

एक गोष्ट इथे जरा जवळून बघण्यासारखी आहे. कॅनव्हासच्या ग्रेड्सच्या पानावर तिला ९४ टक्के दिसत होते. ती म्हणाली, ताई मार्क तर चांगले आहेत मग मी उगाच तक्रार करतेय का. मी म्हटलं त्याच पानावर बाजूला एक चौकोन असतो बघ, फक्त तपासलेल्या कामावर हिशोब करा असा, त्यावरची टिक काढ. तिने काढली आणि ९४ चे ७ झाले. कारण तोवर तपासलेल्या फक्त सहा क्विझ होत्या, त्या कॉम्प्युटरने तपासलेल्या, आणि क्विझला एकूण ग्रेडमध्ये १५ टक्केच वजन. निबंधांना ६० टक्के, डिस्कशनला १५, शेवटच्या पोर्टफोलिओला १०, आणि यातलं एक अक्षरही कुणी वाचलेलं नव्हतं. ७ हा आकडाही खरा नाही म्हणा, कारण न तपासलेलं आणि अजून व्हायचं असलेलं सगळं काम तो शून्य धरतो, पण ९४ हा त्याहून जास्त फसवा होता. सातव्या आठवड्यात तिला स्वतःला आपण कुठे आहोत याचा पत्ता नव्हता आणि त्याच रविवारी दुसरा निबंध द्यायचा होता.

आता नियमाकडे येते, थोडं लांबेल पण हे कळल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही.

अमेरिकेत कॉलेजला फेडरल मदतीचे पैसे घ्यायचे असतील तर ऑनलाइन कोर्समध्ये विद्यार्थी आणि इन्स्ट्रक्टर यांच्यात ‘नियमित आणि ठोस’ संवाद असावा लागतो. तो नसेल तर तो ऑनलाइन कोर्स ठरतच नाही, तो पत्रव्यवहाराचा कोर्स ठरतो, म्हणजे पूर्वी पोस्टाने पुस्तकं यायची, आपण उत्तरं लिहून पाठवायची तो प्रकार. पोस्टाच्या कोर्सच्या नावाखाली मदतीच्या पैशांचा बराच गैरवापर झाला म्हणून १९९२ मध्ये काँग्रेसने कायदा कडक केला, निम्म्याहून जास्त कोर्स पत्रव्यवहाराचे असतील तर त्या कॉलेजची फेडरल मदतीची पात्रता जाते. २००६ मध्ये ऑनलाइन कोर्सना या निम्म्याच्या मोजणीतून सोडवलं, पण अट हीच की संवाद खरा असला पाहिजे. पण नियमित म्हणजे किती आणि ठोस म्हणजे काय हे बरीच वर्षं नीट लिहिलेलंच नव्हतं. २०१७ मध्ये शिक्षण खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलने वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीच्या ऑडिटमध्ये याच मुद्द्यावर ७१ कोटी डॉलरहून जास्त रक्कम परत घ्यावी अशी शिफारस केली होती, आणि जानेवारी २०१९ मध्ये खात्याने ती मानली नाही, नियम पुरेसा स्पष्ट नव्हता हेही एक कारण होतं. मग नवी व्याख्या आली आणि १ जुलै २०२१ पासून लागू झाली.

त्या व्याख्येत पाच गोष्टी आहेत: प्रत्यक्ष शिकवणं, विद्यार्थ्याचं काम तपासणं किंवा त्यावर फीडबॅक देणं, विषयाबद्दलच्या प्रश्नांना उत्तर देणं किंवा माहिती पुरवणं, गटचर्चा चालवणं, आणि मान्यता देणाऱ्या संस्थेने मंजूर केलेलं इतर काही शिकवण्याचं काम. यातल्या किमान दोन असल्या तर संवाद ठोस. आणि नियमित म्हणजे कोर्सची लांबी आणि त्यातला मजकूर बघून आधीच ठरलेल्या, अंदाज करता येईल अशा वेळी संवादाची संधी, शिवाय विद्यार्थी कसा चाललाय यावर लक्ष ठेवणं आणि गरज दिसली किंवा विद्यार्थ्याने मागितलं तर इन्स्ट्रक्टरने लगेच पुढे होऊन बोलणं. विद्यार्थ्याने मागितलं तर, हे शब्द नियमात आहेत. मी तिला ते वाचून दाखवले तेव्हा ती थोडा वेळ गप्प होती. तोवर तिला वाटत होतं की आपण सरांना त्रास देतोय. आपल्याकडे शिक्षकाला दुसऱ्यांदा विचारायचं म्हणजे आधी दहा वेळा माफी मागायची सवय असते, तिच्या पहिल्या दोन्ही मेलमध्ये सॉरी चार वेळा होतं, मी मोजलं.

पण इथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायलाच हवी कारण अर्धवट माहितीने नुकसान होतं. हा नियम कॉलेज आणि सरकार यांच्यातला आहे. विद्यार्थी या नियमाच्या जोरावर कोर्टात कॉलेजवर केस करू शकत नाही, तो हक्क या कायद्याने व्यक्तीला दिलेला नाही. आणि ४८ तास वगैरे आकडे फेडरल नियमात कुठेही नाहीत, ते सिलॅबसमध्ये आणि कॉलेजच्या पॉलिसीत असतात. त्यामुळे प्रत्यक्ष भांडायचं ते सिलॅबस हातात धरून, आणि फेडरल नियमाचा उपयोग एवढाच की समोरच्या विभागप्रमुखाला पहिल्या ओळीतच कळतं की ही गोष्ट फक्त एका नाराज मुलीची नाही, कॉलेजच्या मुळाशी जाणारी आहे. तो वापर मोठा आहे पण तो तेवढाच आहे.

दुसरी गोष्ट, सुरुवातीला तिच्या नवऱ्याने काय केलं. त्याला राग आला, साहजिक आहे, त्याने दुपारी ऑफिसमधून कॉलेजला फोन लावला की माझ्या बायकोच्या कोर्समध्ये सर उत्तर देत नाहीत. तिकडच्या बाईंनी नम्रपणे सांगितलं की अशी कुणी विद्यार्थिनी आमच्याकडे आहे की नाही हेही मी तुम्हाला सांगू शकत नाही. तो चिडला, पण त्या बरोबर होत्या. १९७४ चा फर्पा नावाचा कायदा आहे, कॉलेजात गेल्यावर रेकॉर्डचा हक्क विद्यार्थ्याचा स्वतःचा होतो, फी कोण भरतं किंवा नातं काय हे सांगून दार उघडत नाही, विद्यार्थ्याने लेखी संमती दिली तरच कॉलेज मोकळेपणाने बोलणार. त्याच कायद्याने विद्यार्थ्याला स्वतःचं रेकॉर्ड बघायला मागता येतं आणि कॉलेजला ४५ दिवसांच्या आत ते दाखवावं लागतं. नवऱ्याला वाटलं की मग सर किती वेळा लॉगिन झाले ते मागवूया. ते नाही मिळत, कारण ते तिचं रेकॉर्ड नाही, सरांचं आहे. आणि फर्पाने ग्रेड बदलून घेता येत नाही, ग्रेड चुकीची नोंदवली असेल तर ती दुरुस्त करायला सांगता येते एवढंच.

मग विथड्रॉ कर असा सल्ला तिला तीन जणांनी दिला. डोकं शांत ठेवायला सोपा मार्ग वाटतो तो, सोडून दे, ट्रान्सक्रिप्टवर म्हणजे गुणपत्रकावर डब्ल्यू (विथड्रॉचा शेरा) येईल, जीपीएवर म्हणजे ग्रेडच्या सरासरीवर परिणाम नाही. पण तिच्या बाबतीत बसून हिशोब केला तर वेगळं दिसलं. फेडरल मदत चालू राहायला सॅप लागतं, म्हणजे समाधानकारक प्रगती, आणि त्यात एक अट अशी की जेवढी क्रेडिट घेतली त्यातली ठरावीक टक्के पूर्ण झाली पाहिजेत, तिच्या कॉलेजात ६७. डब्ल्यू हे घेतलेल्यात मोजतात, पूर्ण झालेल्यात नाही. तिने आधी १२ घेतली होती, ९ पूर्ण, कारण मूल हॉस्पिटलमध्ये असताना एक कोर्स सोडावा लागला होता. या टर्मला ६. हा कोर्स सोडला तर १८ घेतली, १२ पूर्ण. १२ भागिले १८, ६६.६७. एका टक्क्याच्या तिसऱ्या हिश्शासाठी ती रेषेच्या खाली! पहिल्यांदा असं झालं तर तिच्या कॉलेजात एका टर्मची वॉर्निंग मिळते, मदत लगेच थांबत नाही, पण पुढची सगळी टर्म त्या तलवारीखाली काढायची, ती पण स्वतःची काही चूक नसताना. म्हणून सोडणं हा फुकटचा पर्याय नव्हता. जे एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहेत त्यांना तर आणखी वेगळं सांगते, फुल टाइमच्या मोजणीत टर्मला एकच ऑनलाइन कोर्स किंवा तीन क्रेडिट धरतात, आणि क्रेडिट कमी होऊन फुल टाइमच्या खाली जात असाल तर विथड्रॉचं बटण दाबण्याआधी डीएसओची, म्हणजे कॉलेजातल्या परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याची, परवानगी लागते, नंतर नाही.

आता मेल. सातव्या आठवड्याच्या मंगळवारी रात्री आम्ही दोघींनी फोनवर बसून लिहिला, म्हणजे लिहिला तिनेच, मी फक्त सॉरी काढायला लावले. तिला आधी कॉलेजच्या प्रेसिडेंटला, शिक्षण खात्याला आणि मान्यता देणाऱ्या संस्थेला एकदमच पाठवायचा होता. मी नको म्हटलं. मान्यता देणाऱ्या संस्था आणि राज्याची कार्यालयं तक्रार घेतात, त्यांचा पत्ता कॉलेजने विद्यार्थ्यांना कळवायचा असतो, पण ते आधी विचारतात की कॉलेजची स्वतःची प्रक्रिया पूर्ण केली का, आणि एका विद्यार्थ्याची ग्रेड ते ठरवत नाहीत. दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजातून ऑनलाइन शिकत असाल तर सारा नावाचा राज्याराज्यांतला करार आहे, कॅलिफोर्निया सोडून सगळी राज्यं त्यात आहेत, पण तिथेही आधी कॉलेजकडेच तक्रार करावी लागते आणि ग्रेडच्या तक्रारी ते घेत नाहीत. हिचं कॉलेज तिच्याच राज्यातलं असल्यामुळे तो प्रश्न नव्हता. म्हणून मेल गेला विभागप्रमुखांना, सरांना कॉपी ठेवून, कॉलेजच्या मेलवरूनच.

मेल छोटा होता. मी अमुक सेक्शनची विद्यार्थिनी. सिलॅबसप्रमाणे मेलला ४८ तासांत उत्तर आणि निबंध दहा दिवसांत. पहिला निबंध देऊन आज सोळा दिवस झाले. अमुक तारखांना दोन मेल, अमुक दोन गुरुवारी झूमवर वाट पाहिली. पहिल्या आठवड्यानंतर डिस्कशनमध्ये इन्स्ट्रक्टरची एकही पोस्ट नाही. सोबत स्प्रिंग ब्रेकचा स्क्रीनशॉट. मग एक वाक्य की ऑनलाइन कोर्समध्ये अपेक्षित असलेला इन्स्ट्रक्टरशी नियमित आणि ठोस संवाद मला मिळत नाहीये आणि मी तो मागतेय. आणि मग तीन मागण्या, कुणीतरी माझा पहिला निबंध तपासावा, दुसरा निबंध फीडबॅक मिळाल्यावर पुन्हा लिहायची मुभा मिळावी, आणि दहाव्या आठवड्याच्या शुक्रवारी विथड्रॉची शेवटची तारीख आहे त्याआधी मला माझी खरी ग्रेड कळावी. सर वाईट आहेत, बेजबाबदार आहेत असा एकही शब्द नाही. हे मी मुद्दाम पाहिलं, कारण तोवर आम्हाला माहीतच नव्हतं की त्यांना काय झालंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं, कळवल्याबद्दल आभार, मी बघतो. आणि मग सात दिवस काहीच नाही. या सात दिवसांत तिने रविवारी दुसरा निबंध फीडबॅकशिवाय दिला, दुसरा इलाज नव्हता, उशीर झाला तर रोज दहा टक्के कापले जाणार होते आणि तो नियम मात्र कॅनव्हास आपोआप लावत होतं. बुधवारी मी तिला म्हटलं परत लिही, त्याच मेलला उत्तर म्हणून, म्हणजे आधीचं सगळं खाली राहील. तिने दोन ओळी लिहिल्या, विथड्रॉची तारीख सोळा दिवसांवर आहे, या शुक्रवारपर्यंत कळलं नाही तर मी डीनना लिहीन. शुक्रवारी उत्तर आलं की सोमवारपासून दुसऱ्या इन्स्ट्रक्टर येत आहेत.

नंतर कळलं की सरांना हॉस्पिटलमध्ये दाखल करावं लागलं होतं. अ‍ॅडजंक्ट होते, टर्मच्या करारावर, आणि त्यांनी म्हणे विभागाला एक मेल केलाही होता जो कुठेतरी राहून गेला. बहिणीला इतकं वाईट वाटलं की ती म्हणाली मी तक्रार करायला नको होती. यावर मी तिच्याशी अगदी वाद घातला. कारण नियम असं म्हणत नाही की याच माणसाने उत्तर दिलं पाहिजे, तो म्हणतो की कुणीतरी एक इन्स्ट्रक्टर त्याला जबाबदार असेल याची खात्री कॉलेजने करायची. माणूस आजारी पडणारच. मीही पडते. आजारी माणसाच्या कोर्सवर सहा आठवडे त्याच्या नावाने अनाउन्समेंट जात राहते, क्विझ उघडतात, उशिराचे मार्क कापले जातात आणि बत्तीस विद्यार्थ्यांना कोणी एका ओळीने सांगत नाही की सर रजेवर आहेत, ही चूक त्या सरांची नाही. तिच्या मेलमुळे त्यांनाही मदत झाली असं मला मनापासून वाटतं, निदान त्यांच्या नावावरचं ओझं कुणीतरी उचललं.

त्याच वर्गात आणखी एक जण होती, तिला डिसेबिलिटी ऑफिसकडून क्विझला दीडपट वेळ मंजूर झाला होता, पण तो कॅनव्हासमध्ये घालायचा इन्स्ट्रक्टरने आणि मंजुरी आली पाचव्या आठवड्यात, तोवर सर नव्हतेच. तिची क्विझ वीस मिनिटांत बंद होत राहिली. तिचं प्रकरण वेगळ्या रस्त्याने गेलं आणि लवकर सुटलं, तिने थेट डिसेबिलिटी ऑफिसला लिहिलं आणि त्यांनी दोन दिवसांत वेळ वाढवून घेतला, आधीच्या क्विझ पुन्हा उघडल्या. १९७३ चा रिहॅबिलिटेशन कायदा आणि १९९० चा एडीए हे अपंग व्यक्तींसाठीचे कायदे व्यक्तीला थेट हक्क देतात, तिथे विभागप्रमुखाच्या सवडीची वाट बघावी लागत नाही. कुणाकडे असं मंजुरीपत्र असेल तर पहिला मेल तिकडेच करावा.

नवव्या आठवड्याच्या गुरुवारी पहिला निबंध परत आला. ७१. समासात अकरा कमेंट. तिला रडू आलं, कारण पहिल्या आठवड्यातल्या त्या एका वाक्यावर ती समजून चालली होती की आपण छान लिहितोय. पण कमेंट खूप चांगल्या होत्या, मी वाचल्या, थीसिस दुसऱ्या पॅराग्राफच्या शेवटी लपलाय, तो वर आण, आणि पुराव्यानंतर तू लगेच पुढे पळतेस, थांब आणि हा पुरावा काय सांगतो ते लिही. ही शेवटची कमेंट तिला पाचव्या आठवड्यात मिळाली असती तर दुसरा निबंध वेगळा झाला असता. दुसऱ्याला ७३ मिळाले, नेमकी तीच चूक तिथेही. पण पुन्हा लिहायची मुभा लेखी मागितलेली आणि विभागप्रमुखांनी मान्य केलेली होती, म्हणून तिने तो पुन्हा लिहिला आणि ८८ आले. तिसरा ९०.

विथड्रॉची तारीख पुढे ढकलायला रजिस्ट्रारने नकार दिला, ती सगळ्या कॉलेजसाठी एकच असते. विभागप्रमुखांनी एवढं लिहून दिलं की पुढे उशिरा विथड्रॉचा अर्ज करावा लागला तर मी त्याला पाठिंबा देईन. त्या मेलची तिने पीडीएफ करून ठेवली. गरज पडली नाही, ती थांबली आणि कोर्समध्ये बी मिळाला. पण वर्गातले नऊ-दहा जण त्याआधीच सोडून गेले होते, त्यांच्या ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू आहे आणि त्यांची फी गेली, ५४० डॉलर प्रत्येकी, आणि त्यातल्या कुणीच काही मागितलं नाही कारण मागता येतं हे माहीत नव्हतं. बहिणीने फी थोडी तरी परत मिळेल का विचारलं होतं, नाही मिळाली, कोर्स पूर्ण झाला ना असं उत्तर आलं. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही, पण तिने तिथे थांबायचं ठरवलं आणि तो निर्णय तिचा.

एक गोष्ट मात्र भरून निघालीच नाही. दुसऱ्या ते आठव्या आठवड्यापर्यंत तिने सहा डिस्कशन पोस्ट लिहिल्या होत्या, प्रत्येकी तीनशे-साडेतीनशे शब्द, आणि नव्या बाईंना ते सगळं मागचं वाचणं शक्य नव्हतं म्हणून पोस्ट केली असेल त्याला पूर्ण मार्क असं ठरलं. मार्क मिळाले, वाचलं कुणी नाही. त्यातली एक तिच्या आईच्या शिवणयंत्राबद्दल होती. डिसेंबरमध्ये टर्म संपल्यावर मी तिला म्हटलं मला पाठव त्या, आणि एका रविवारी बसून सहाही वाचल्या, समासात कमेंट लिहिल्या आणि परत पाठवल्या. शिवणयंत्राच्या पोस्टवर माझ्या नऊ कमेंट झाल्या आणि तिने त्यातल्या चार मान्य नाहीत म्हणून रात्री साडेअकराला फोन केला.